चढाला लागली की बोलते

जुन्या गाडीच्या इंजिनात आवाज सुरू झाला की तो सगळ्यात आधी मालकाला ऐकू येतो, असा एक गोड गैरसमज आहे. सगळ्यात आधी तो शेजाऱ्यांना ऐकू येतो. मग वॉचमनला, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला, मग एखाद्या मुंजीत भेटलेल्या लांबच्या भावोजींना, ज्यांनी ती गाडी फक्त उभी असलेली पाहिलेली असते. मालकाचा नंबर शेवटी. आपण ऐकलं नाही तर आवाज नसेलच, या आशेवर तो बरेच दिवस काढतो.

आमच्याकडे माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. वाटण्या झाल्या तेव्हा भावाला फ्लॅट आवडला आणि मला गाडी. कोण फायद्यात राहिलं यावर घरात मतभेद आहेत, पण ते बोलून दाखवायचे नाहीत असं ठरलंय. गाडी मी चालवते, तिचं पेट्रोल मी भरते, बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी मी घालते. तरीही तिच्या आवाजाबद्दलचे सगळे सल्ले पुण्यातली तमाम पुरुषमंडळी आमच्या ह्यांना देतात. ह्यांना डिस्ट्रिब्यूटर आणि डायनामो यातला फरक सांगता येत नाही. पण मान अशी डोलावतात की सल्ला देणारा समाधानानं घरी जातो, आणि संध्याकाळी तो सल्ला जमेल तितका माझ्यापर्यंत पोचतो.

असे बरेच सल्ले जमा झाले होते. खालच्या मजल्यावरचे अप्पा बॉयलर खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फाटकाशी उभं राहून निदान केलं, “बेअरिंग गेलं. इंजिन खाली उतरवावं लागेल.” त्यांना सगळ्याच गोष्टी खाली उतरवायला आवडतात; सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा त्यांनी एकदा उतरवायला लावली होती. वॉचमननं टॅपेट सांगितले. भावोजींनी “विकून टाका” म्हटलं, हे ते फ्रिजच्या आवाजावरही म्हणतात. इस्त्रीवाला तेवढा म्हणाला, “पेट्रोलचा काहीतरी घोटाळा असेल.” मराठी माणसाच्या कुठल्याही गाडीला काहीही झालं तरी पहिला संशय पेट्रोल पंपावर जातो, त्यामुळे ते आम्ही फारसं मनावर घेतलं नाही.

आवाज असा होता. गाडी उभी असताना काही नाही. सपाट रस्त्यावर काही नाही. चढ आला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की बॉनेटखालून टिणटिण, टिणटिण. पाय जरा उचलला की गप्प. पुन्हा दाबला की पुन्हा सुरू. दिवे घाटात तर वडकी मागे टाकून मस्तानी तलाव दिसायला लागला की ही बोलायला लागायची आणि वरपर्यंत थांबायची नाही.

या गाडीचं खरं वय आरसी बुकावरच्या वयापेक्षा बरंच जास्त असतं, हे आधी सांगायला हवं. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डी १९६४ पासून तयार व्हायला लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. शतक संपायला आलं तोवर ती निघत होती, आणि मुंबईत काळी-पिवळी होऊन ती इतकी रुळली की ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर दिसणार नाही म्हटल्यावर, आयुष्यभर लोकलनं फिरलेल्या लोकांचेही डोळे पाणावले. पण बॉनेटखालचं १०८९ सीसीचं इंजिन त्याहून कितीतरी जुनं. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर. मुळात इटलीतल्या तूरीनचं, १९३७ सालचं, इंजिनिअर दान्ते जाकोसा ज्या गाडीवर काम करत होते त्या फियाट ५०८ सी मधलं. म्हणजे आपल्याकडे प्रांतिक निवडणुका होऊन पहिली काँग्रेस मंत्रिमंडळं आली, त्या वर्षीचं. अशा वयाचं कुणीही चढावर थोडं कुरकुरलं तर त्यात आश्चर्य काय, असं मी भावोजींना म्हणणार होते, पण ते आधीच फ्रिजकडे वळले होते.

शेवटी नाना पेठेजवळच्या एका बोळातल्या उस्तादांकडे गाडी नेली. पत्र्याची शेड, वर तुटकं पंख्याचं पातं, खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी. उस्ताद फार कमी बोलतात. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. गाडीभोवती फिरले नाहीत. टायरला लाथ मारून पाहिली नाही, हे मला विशेष आवडलं. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, “ताई, कधी वाजते?”

अप्पांपासून भावोजींपर्यंत प्रत्येकानं मला आवाज कुठून येतो ते सांगितलं होतं. कधी येतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि सगळी गंमत त्या ‘कधी’ मध्ये असते. उस्तादांनी नंतर चहा पिता पिता एकेक आवाज समजावून सांगितला, तेव्हा मला कळलं की इंजिनात आवाजांची काही कमी नसते. बारीक टिकटिक, गाडी थंड असो वा गरम, उभी असो वा पळती, इंजिनाच्या निम्म्या वेगानं अगदी शिस्तीत येणारी: ती टॅपेटची. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीत फिलर गेजचं पान सरकवलं आणि टिकटिक थांबली, की गुन्हेगार व्हॉल्व्ह सापडला. सकाळी थंड इंजिनात खडखड आणि दोन-चार मिनिटांत गाडी तापली की बंद: तो पिस्टन. बोअर झिजून पिस्टन जरा मोकळा झालेला असतो; धातू तापून फुगला की जागेवर बसतो. तो लगेच मरत नाही, वर्षानुवर्षं असाच सकाळी खाकरत राहतो. मग तो खोल, जड, ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा ठोका: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. त्यासाठी एकेका प्लगची वायर काढून बघायची. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मंदावतो, तिथला रॉड वाजतोय, कारण तिथला स्फोट बंद झाला की त्या बेअरिंगवरचा जोर उतरतो. सोबतीला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला तर गाडी तिथेच बंद करायची आणि टेम्पो बोलवायचा. ही एकच वेळ अशी, की अप्पांचं ऐकावं.

आवाज ऐकायला उस्तादांकडे लांब दांड्याचा पेचकस आहे. टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. मीही ऐकून पाहिलं. इंजिनावरच्या पेट्रोलपंपाची दांडी एवढी खटखट करते हे मला आजवर माहीतच नव्हतं. उस्ताद म्हणाले, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून धूर फुटला तरी अगदी टॅपेटसारखंच वाजतं आणि लोक टॅपेट घट्ट करत बसतात. एका गिऱ्हाईकाचा म्हणे हेड उतरवायचा बेत झाला होता आणि आवाज निघाला डिकीतल्या जॅकचा.

आमचा आवाज यातला कुठलाच नव्हता. जोर पडला की येणारा आणि पाय उचलला की जाणारा. “करंट आधी पडतोय,” उस्ताद म्हणाले आणि बॉनेट तेव्हा कुठे उघडलं.

हे जरा नीट सांगते, कारण यात मला एक धक्का बसला. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडली की सगळं पेट्रोल एकदम पेटतं अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. ज्वाळ प्लगपाशी सुरू होते आणि तिथून पसरत जाते, आणि तिला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर एका फेरीला २० मिलिसेकंद मिळतात, त्यातले दोन-तीन या जळण्यात जातात. म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी टाकावी लागते. वेग वाढेल तसं आणखी आधी. आता पंगतीचं बघा. वाढपी एका टोकापासून वाढत येतो. सगळं सुरळीत असेल तर तो शेवटच्या पानापर्यंत पोचतो, मग सगळे जेवतात. पण वाढप्याची वेळ चुकली, मांडवात उकाडा झाला, मागून माणसं रेटायला लागली, की शेवटच्या ओळीतली मंडळी वाट न बघता सगळीच्या सगळी एकदम श्रीखंडाच्या पातेल्यावर तुटून पडतात. सिलिंडरच्या दूरच्या कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण नेमकं हेच करतं. ज्वाळ पोचायच्या आधी दाब आणि उष्णता असह्य होऊन आपण होऊन पेटतं, एका झटक्यात.

आणि तो आवाज कशावर काही आपटल्याचा नसतोच. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींमध्ये मागेपुढे धडकतात आणि सेकंदाला सहा ते आठ हजार कंपनं होऊन अख्खं लोखंड वाजतं. आत काहीही सुटलेलं नसतं, काही तुटलेलंही नसतं. मात्र असंच महिनोन् महिने वाजत ठेवलं तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, रिंगांच्या मधली कड मोडते, हेडचं पॅकिंग जातं. तेव्हा मग खरंच इंजिन उतरवायची वेळ येते आणि अप्पा म्हणतात, मी सांगितलं होतं.

या टिणटिणीनं एके काळी अमेरिकेत चांगल्या चांगल्यांची झोप उडवली होती. चार्ल्स केटरिंग यांनी मोटारीला विजेचा स्टार्टर दिला. तो १९१२ च्या कॅडिलॅकला बसला आणि हँडल मारून मनगट मोडायचे दिवस सरत आले. पण इंजिनंही वाजायला लागली होती, आणि लोक म्हणायचे, ही त्या केटरिंगच्या बॅटरी-इग्निशनची करणी. म्हणजे शेजारी तिकडेही होते. केटरिंग यांनी १९१६ साली आपल्याकडे आलेल्या थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला या कामाला लावलं. मिजलीच्या डोक्यात एक रानफूल होतं, बर्फ वितळायच्या आधीच फुलणारं, पानांची पाठ लाल असलेलं. लाल रंग ऊब लवकर शोषत असेल, तर इंधनच लाल केलं तर? त्यात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून त्यानं आयोडीन टाकलं. टिणटिण थांबली! मग खरे लाल रंग आणून टाकले, तर काडीचा फरक पडेना. तर्क सपशेल खोटा आणि उत्तर खरं, असा योग विज्ञानात येतो. आमच्या घरात तो दर रविवारी येतो.

आयोडीन महाग आणि धातूला खाणारं. त्यामुळे मिजली एकामागून एक पदार्थ टाकून बघत राहिला. टेल्युरियम लागू पडलं, पण त्याचा लसणासारखा वास माणसांच्या अंगाला असा चिकटायचा की अंघोळ करून, कपडे बदलूनही जाईना. आवाज गेला पण चारचौघांत बसायची सोय राहिली नाही. अखेर ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड सापडलं, म्हणजे शिशाचं संयुग. पेट्रोलमध्ये चिमूटभर टाकलं तरी इंजिन चिडीचूप. १९२३ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या डेटन शहरातल्या पंपावर ते विकायलाही आलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, तेव्हा मिजलीनं पत्रकारांपुढे ते हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. आदल्याच वर्षी हा माणूस शिशाच्या विषबाधेतून बरं व्हायला फ्लोरिडात जाऊन राहिला होता, हे तिथे सांगितलं नाही.

अल्कोहोलनं ही टिणटिण थांबते, हे त्या काळीही माहीत होतं. पण अल्कोहोल कुठलाही शेतकरी गाळू शकतो, त्याचं पेटंट कोण कशाला देईल, म्हणून ते बाजूला पडलं असं काही इतिहासकार मानतात. मग जगभर शिसंच चाललं. आपल्याकडे चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आलं, सगळ्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून. शेवटी राहिलेल्या अल्जीरियानं २०२१ साली शिशाचं पेट्रोल बंद केलं. एका आवाजाला गप्प करायला शंभर वर्षं सगळ्या जगानं शिसं हुंगलं. मला तरी हा सौदा भयंकर वाटतो. टायमिंग जरा मागे घेतलं असतं, चढावर गिअर खाली टाकला असता, थोडं हळू गेलं असतं, तर? पण मोटारवाल्याला हळू जा म्हणून सांगणारा अजून जन्माला यायचाय, आणि आला तरी तो पुण्यात टिकणार नाही.

आता इस्त्रीवाल्याच्या पेट्रोलच्या घोटाळ्याकडे येऊ. पेट्रोल ही टिणटिण किती सहन करतं हे ऑक्टेनच्या आकड्यानं मोजतात. माझ्या वडिलांच्या काळात साध्या पेट्रोलचा आकडा ८७ होता, पुढे ८८ झाला, मग ९१. आणि आता २० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल ९५ चं असतं. शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेलं अल्कोहोल आपल्याच साखर कारखान्यांच्या उसातून परत आलं आहे. पद्मिनीचं कॉम्प्रेशन आजच्या गाड्यांच्या मानानं बेताचं. म्हणजे ती ज्या पेट्रोलवर मोठी झाली, त्याहून आजचं पेट्रोल या बाबतीत उजवंच आहे. कुणी त्यात रॉकेल मिसळलं तर गोष्ट वेगळी, रॉकेल टिणटिणीला आमंत्रणच. पण निव्वळ पेट्रोलमुळे या गाडीनं वाजायचं काही कारण उरत नाही. इथेनॉलचा त्रास दुसरीकडे होतो. जुनं रबर त्याच्यापुढे टिकत नाही. पाइप चिकट होतात, पंपाचा डायफ्रॅम सुजतो. आम्ही दोन्ही बदलून घेतले. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण तापतं. तेव्हा इस्त्रीवाला अगदीच चुकला नव्हता. एकूण निदानांत त्याचा नंबर पहिला लागला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, कारण मग तो साडीचे भाव वाढवेल.

उस्तादांचा क्रम अप्पांच्या बरोबर उलटा आहे. अप्पा सगळ्यात महाग गोष्टीपासून सुरुवात करतात, उस्ताद सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून. आधी प्लग काढून बघायचे, टोकं पांढरी पडलीत की तपकिरी आहेत. पांढरी म्हणजे आत फार तापतंय. आमची मधली दोन जरा पांढरी होती. मग रेडिएटर नीट वाहतोय का. मग टेस्ट लॅम्प लावून टायमिंग: पुलीवरची खूण खुणेशी आली की दिवा लागला पाहिजे. लागला. उभ्या गाडीचं टायमिंग बरोबर होतं. याच ठिकाणी बहुतेक लोक हात झटकतात आणि हेड उतरवून कार्बन खरवडायला घेतात. कार्बन हेही कारण असतंच म्हणा. वर्षानुवर्षांचा थर साठून जागा कमी होते, दाब वाढतो, थराचे कंगोरे तापून लाल होतात. मग चावी काढून घेतली तरी इंजिन आणखी चार गचके खाऊन थांबतं. आमचं तसं होत नव्हतं. चावी फिरवली की एकदम शांत.

उस्तादांनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, रोटर काढला, पॉइंटची पाटी उचलली. खाली दोन छोटी वजनं असतात, दोन बारीक स्प्रिंगांनी आवरून धरलेली. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडायला लागते. स्प्रिंगा त्यांना हळूहळूच सोडतात. उस्तादांनी चिमट्यानं एक स्प्रिंग बाहेर काढली, उजेडात धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं.

“ताई, ही गाडीची नाही. पेनाची आहे.”

खरंच बॉलपेनची स्प्रिंग होती. दोन्ही टोकं ओढून, वाकवून आकडे केलेले, अगदी निगुतीनं. असल्या स्प्रिंगेत दम काय असणार? इंजिन जरा फिरलं की वजन सुटून बाहेर, आणि जी ठिणगी वरच्या वेगाला पडायची ती चढावर, कमी वेगात, भर ओझ्याखालीच पडायला लागायची.

हे कुणी केलं असेल याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. वडील गाडीची डायरी ठेवायचे. किती लिटर, किती किलोमीटर, हवा भरल्याचे पैसे, सगळं. एका पानावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात नोंद सापडली: ‘करंटचे काम. मजुरी किरकोळ. स्प्रिंग घरची.’ हिरो पेनचं टोपण हरवलं तर दोन दिवस घर डोक्यावर घेणारा हा माणूस. त्यानं गाडीसाठी एका बॉलपेनचा बळी दिला, याचा मला अभिमान वाटावा की राग यावा ते कळेना. ह्यांनी डायरी वाचली आणि पहिल्यांदाच स्वतःचं असं एक तांत्रिक मत दिलं, “पेन कुठल्या कंपनीचं होतं, ते लिहायला हवं होतं.”

मग इतकी वर्षं वडिलांच्या हाताखाली गाडी वाजली कशी नाही? याचं उत्तरही डायरीतच आहे. वडील ताशी ४० च्या वर जात नसत, आणि घाट लागायच्या आधीच, घाट दिसला रे दिसला की दुसरा गिअर टाकत. मागचे हॉर्न वाजवून दमत. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मोकळं फिरतं, ओझं कमी पडतं, तिला बोलायला निमित्तच मिळत नाही. शिवाय आमच्या सगळ्या मोठ्या सहली महाबळेश्वरच्या, पाऊस उघडता उघडता. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर हवा विरळ, सिलिंडरमध्ये भरते कमी, त्यामुळे दाबही कमी. वर गारवा आणि दमट हवा, आणि या तिन्ही गोष्टी टिणटिणीच्या वैरी. आई म्हणायची, गाडीला महाबळेश्वरची हवा मानवते. ती शब्दशः बरोबर होती. मला गाडी मिळाली, मी एप्रिलच्या दुपारी तिसऱ्या गिअरमध्ये दिवे घाट चढायला लागले, आणि पेनाचं भांडं फुटलं.

पद्मिनीच्या डिस्ट्रिब्यूटरची नवी स्प्रिंग मिळवणं हे वेगळंच प्रकरण. नाना पेठेतल्या दुकानदारांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. एकानं अख्खं इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्या म्हणून सुचवलं, जे चांगलंच असतं, पण त्याची किंमत ऐकून पेनाच्या स्प्रिंगेबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटायला लागला. शेवटी बुधवारी जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या समया यांच्यामध्ये, एक गंजका डिस्ट्रिब्यूटर सापडला. विकणाऱ्याला तो कशाचा ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यानं दुप्पट किंमत सांगितली. आतल्या दोनपैकी एक स्प्रिंग शाबूत निघाली.

ती बसवून उस्ताद स्वतः माझ्या शेजारी बसले आणि आम्ही दिवे घाट गाठला. काचा खाली. तलाव आला, वळणं सुरू झाली, तिसरा गिअर, पाय दाबलेला. काही नाही. नुसती इंजिनाची घरघर आणि मागे एका ट्रकची तक्रार. वर पोचायच्या सुमाराला गाडीचा वेग मंदावला, तसे उस्ताद म्हणाले, “आता दुसरा टाका ताई. वाजत नाही म्हणून रेटायचं नसतं.” मी दुसरा टाकला. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, अगदी वडिलांच्या वेळी द्यायचे तसा.

सध्या गाडी गप्प आहे. अप्पांना मात्र हे पटलेलं नाही. त्यांच्या मते बेअरिंग जायचं आहेच, आज ना उद्या. पण खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या बाजारातली ती स्प्रिंगही कधीतरी सैल पडणार आणि दुसरी तर मूळचीच आहे. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा आजोबांच्या पेटीत फियाटचा किंवा पद्मिनीचा जुना डिस्ट्रिब्यूटर पडला असेल, तर तो भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊ नका. आत दोन स्प्रिंगा असतात, तेवढ्याच मला हव्यात. योग्य ती किंमत देईन, आणि हवी असेल तर एक बॉलपेनची स्प्रिंगही सोबत देईन, घाटात बरीच वर्षं चाललेली.